टाकी बोलून राहिली

दुसऱ्याच्या गाडीतून पेट्रोलचा थेंब भुईवर पडला तरी जिला दिवसभर जेवण गोड लागत नसे, अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या मी शिकवत होते त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शिपायापासून पालकांपर्यंत सगळे त्यांना 'मोठ्या बाई' म्हणत. उंचीनं त्या माझ्या खांद्यालाही लागत नव्हत्या, पण त्यांच्यासमोर उभं असताना हे कधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांची स्वतःची गाडी होती. करड्या रंगाची, बसक्या नाकाची, दोन दारांची. सावनेरकडच्या खाणीतला कुणी गोरा साहेब मायदेशी जाताना विकून गेला होता म्हणे. नागपुरात तेव्हा सायकलवर बाई दिसली तरी लोक मान वळवून बघायचे. आणि आमच्या बाई सुती पातळ नेसून, घट्ट अंबाडा घालून, सीटवर दोन उशा ठेवून बर्डीच्या बाजारातल्या भर गर्दीतून गाडी काढायच्या. उशा अशासाठी, की त्याशिवाय रस्ताच दिसत नसे. चौकातला पोलीस त्यांना सलाम ठोकायचा. त्याची बायको बाईंची विद्यार्थिनी, त्यामुळे सलाम ठोकला की नाही याची घरी चौकशी होत असावी.

हॉर्नला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. "पाचशे पोरींना मी नुसत्या नजरेनं रांगेत उभं करते. रस्त्यावर भोंगा वाजवायला मी काय मिलची पाळी सोडते आहे?" असं म्हणायच्या. समोर गाय बसली असली तरी तिच्याकडे बघत थांबायच्या. गाय उठायची.

मी तेव्हा नुकतीच लागलेली मराठीची मास्तरीण. खोली सक्करदऱ्याला, बाईंच्या घराच्या मागच्या गल्लीत. एका सकाळी मी बसची वाट बघत उभी होते, तर गाडी येऊन थांबली. "बसा." बसले. तेव्हापासून, त्या निवृत्त झाल्यानंतरही, मी त्या गाडीत बसतच राहिले. भाडं एकच होतं: पेट्रोल भरताना फडकं धरायचं.

शाळेत बाई अगदी पुस्तकी बोलायच्या. गाडीचं दार लागलं की भाषा बदलायची. "बसली का नीट? दार पाह्य. पदर अंदर घे, नाही त चाकात जाईन." मला तर हे ऐकायलाच गाडीत बसावंसं वाटायचं.

तेव्हा पेट्रोलच्या कंपन्या वेगवेगळ्या, बाहेरदेशच्या, आणि प्रत्येकीचे भक्त वेगळे. कंपन्यांची इंग्रजी नावं कोण घेत बसणार? पाटीवरच्या चित्रावरून आमचा कारभार. मशालवाला पंप, हरणवाला पंप, चक्रवाला पंप. आमच्या शाळेतले गणिताचे सर कट्टर मशालवाले. आपल्या स्कूटरला हरणाचं पेट्रोल पाजलं तर ती रुसते, दोन दिवस किक घेत नाही, असं ते स्टाफरूममध्ये शपथेवर सांगत. "बाई, मशालचा पिकप पाहा, पिकप!"

मोठ्या बाई विज्ञान शिकवायच्या. त्यांनी वाद घातला नाही, प्रयोग केला. तीन रविवार, तोच सावनेरचा रस्ता, सकाळची तीच वेळ, टाकी कोरडी करून मापाच्या डब्यानं ओतलेलं पेट्रोल, गाडी कुठवर जाते ते बघायचं. गाडी तीच आणि वजनही तेच पाहिजे. वजन म्हणजे मी. दुसऱ्या रविवारी मी दारात उभी राहिले तर वरून खाली बघून म्हणाल्या, "काल कोणाच्या लग्नात जेवली काय?" मी हो म्हटलं. "मंग आज नाही. पुढच्या रविवारी ये, अन् शनिवारी दाबून जेवू नको." विज्ञानासाठी मी पुढचा शनिवार भाकरी-भाजीवर काढला.

तिन्ही रविवारी गाडी जवळपास एकाच ठिकाणी, एकाच संत्र्याच्या बगीच्यापाशी येऊन थांबली. पुढे-मागे एखाद्या झाडाचा फरक. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मशालच्या दिवशी वारा उलटा असेल." भक्ताला कोण हरवणार?

पण बाईंचा निकाल कायमचा लागला. "कंपनी नका पाहू, पंप पाहा," त्या सांगायच्या. "जिथं गिऱ्हाईक जास्त, तिथलं पेट्रोल ताजं. टँकर रिकामा होऊन राहिला असंल त तिथून निघा, खालचा गाळ वर येते. अन् सगळ्यात आधी पंपवाल्याच्या चपला पाहा." चपला कशाला, मी विचारलं. "ज्याच्या अंगणात सांडते, त्याच्या चपलेले वास असते." आणि खरंच, त्या पंपावर उतरल्या की आधी नाक पुढे करायच्या. त्या नाकाला आम्ही शाळेत फार भ्यायचो. परीक्षेच्या हॉलमध्ये कुठल्या पोरीच्या डब्यात मिरचीचा ठेचा आहे, ते त्या दारातून सांगायच्या.

पुढे सरकारनं त्या कंपन्या ताब्यात घेतल्या. एकेक करून पाट्या उतरल्या, नवी चित्रं चढली. गणिताचे सर सुतकात गेल्यासारखे आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. बाई त्यांना म्हणाल्या, "सर, पाटी बदलली. टाकी तीच आहे, पंपावरचा माणूस तोच आहे. जेवून घ्या."

आता पेट्रोल भरण्याचा सोहळा. सोहळाच तो, दुसरा शब्द नाही. इंजिन बंद, किल्ली कमरेला, गाडीतले सगळे खाली. जवळपास विडी ओढणारा दिसला तर त्याच्याकडे बघायचं. विडी पायाखाली जायची. मग पदर खोचायचा. पंपवाल्या माणसाच्या हातून नळी घ्यायची, त्याला नमस्कार करायचा आणि दोन पावलं मागे सरकायला सांगायचं. मी टाकीच्या तोंडाखाली पांढरं फडकं धरायचं. पांढरंच हवं, कारण डाग दिसला पाहिजे. नळी खोल घालून टाकीच्या गळ्याला टेकवायची. आधी धार बारीक, मग मोठी, शेवटी परत बारीक. आणि त्या शेवटच्या बारीक धारेला बाईंचा हात वर व्हायचा.

"चूप! टाकी बोलून राहिली."

सगळा पंप चिडीचूप. मागे उभा असलेला ट्रकवालासुद्धा इंजिन बंद करायचा. बाई डोळे मिटून, कान टाकीकडे करून उभ्या. पहिल्यांदा मला हसू आलं. मग मीही ऐकायला शिकले. नळाखाली घागर भरताना आवाज आधी कसा जाड असतो आणि गळ्याशी पाणी आलं की कसा बारीक, वर वर जातो? तसंच. आपण घरात दुसरं काम करत असतानाही घागर भरली हे कानाला कळतं. "गड्याइले हे नाही समजत," बाई म्हणायच्या. "त्याईनं नळावर कधी घागर भरली नाही. ते डोळ्यानं पाहतात, अन् डोळ्याले दिसेपर्यंत सांडून गेलं राह्यते."

तो बारीक आवाज आला की नळीचा खटका सोडायचा. नळी लगेच ओढायची नाही. आतला थेंब आत पडू द्यायचा, मग तोंड आभाळाकडे करून नळी बाहेर. टाकी कधीच काठोकाठ नाही. चार बोटं जागा ठेवायचीच. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल थंड असतं, आपल्या नागपूरच्या उन्हात ते फुगतं. "पेट्रोल अन् राग, गळ्यापर्यंत भरू नये," हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, घाई करणाऱ्यांसाठी: "घाईनं भरलं, भुईनं पेलं."

हे सगळं वेड कुठून आलं, ते मला फार उशिरा कळलं.

बाईंचे वडील सुखवस्तू होते, घरी मोटार होती. त्या जुन्या मोटारीची टाकी पुढेच, इंजिनाला लागून. एकदा भिवापूरहून येताना ड्रायव्हरनं घाईघाईनं डब्यातून पेट्रोल ओतलं, ते तापलेल्या इंजिनावर सांडलं आणि भडका उडाला. वडील वाचले, पण त्यांचा उजवा हात कायमचा वाकडा झाला. बाई तेव्हा तान्ह्या. त्यांचा थोरला भाऊ शाळकरी होता. त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

तो भाऊ पुढे नावाजलेला वकील झाला. सगळे त्यांना दादा म्हणत. गाठीशी सगळं असून दादा कोर्टात सायकलरिक्षानं जायचे. मोटारीत ते पुन्हा बसले नाहीत, लग्नाच्या वरातीतसुद्धा नाही. बाईंनी लग्न केलं नाही, तेव्हा दादा काही बोलले नाहीत. गाडी घेतली, तेव्हा मात्र घरात दोन दिवस चूल पेटली नाही म्हणतात. शेवटी दादांनी अट घातली. "घे गाडी. पण दुसरी किल्ली माह्यापाशी राहीन. ज्या दिवशी थेंब सांडला, त्या दिवशी पहिली बी आणून देजो."

बाईंनी मान्य केलं. दोघंही एका मुशीतले. शब्द दिला की दिला. दादांच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात ती दुसरी किल्ली कायम असायची. बाई त्यांच्या घरी गेल्या की दादा फाटकात येऊन उभे राहायचे, गाडीपासून लांब, आणि नाक वर करून वास घ्यायचे. काही सापडायचं नाही. मग म्हणायचे, "ये, च्या घे."

असं चाललं होतं, आणि निवृत्तीनंतर बाईंचा उजवा हात थरथरू लागला.

मला ते आधी कपबशीनं सांगितलं. चहा देताना कप बशीत किणकिणायचा. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. पण गुढीपाडव्याच्या जेवणाला दादांच्या घरी बाई वाढायला उठल्या, आणि कढीची वाटी दादांच्या धोतरावर कलंडली.

दादांनी धोतराकडे बघितलंच नाही. हाताकडे बघितलं.

"कवापासून हलून राहिला हात?"

"वय झालं. हलते."

"किल्ली दे."

"कढी सांडली, दादा. पेट्रोल नाही."

वकिलाला कायद्यात पकडलं तर तो हार मानत नाही, पुढची तारीख मागतो. दादांनीही तेच केलं. भिवापूरचे एक मिरचीचे व्यापारी त्यांचे अशील. त्या शेठजींनी उमरेड रोडला, सक्करदऱ्याच्या थोडं पुढे, नवा पेट्रोल पंप बांधला होता आणि अक्षय तृतीयेला उद्घाटन होतं. त्यांच्या तिन्ही मुली बाईंच्या हाताखाली शिकलेल्या, म्हणून पहिलं पेट्रोल बाईंच्या गाडीत भरायचं हे ठरलेलं होतं.

"तिथं भर," दादा म्हणाले. "चार लोकाइसमोर, माह्या डोळ्यांदेखत. नाही सांडलं त मी जन्मात बोलणार नाही."

"अन् सांडलं त?"

दादांनी नुसता तळहात पुढे करून दाखवला.

परतताना बाईंनी सक्करदऱ्याच्या तलावापाशी गाडी थांबवली आणि समोर बघत त्या म्हणाल्या, "दादा वाईट नाही वं. भेते तो. मले माहीत आहे." मग, "पण गाडी गेली त मी काय करू?"

मला माहीत होतं त्या काय म्हणत होत्या. निवृत्त झाल्यापासून त्यांचा एकच उद्योग होता. उमरेड रोडच्या कुठल्याही गावात सातवी-आठवीतल्या पोरीचं नाव शाळेतून काढलं, की तिसऱ्या दिवशी ती करडी गाडी त्या घरापुढे उभी. बाई ओसरीवर बसायच्या, चहा नको म्हणायच्या, आणि पोरीचा बाप हो म्हणेपर्यंत उठायच्या नाहीत. त्या गावांना दिवसातून एक एसटी, तीही मनात आलं तर. गाडी गेली असती तर बाई सक्करदऱ्याच्या घरात कढी वाढत बसल्या असत्या, आणि कढीसुद्धा सांडली असती. मला रडूच आलं. बाई म्हणाल्या, "रडू नको. सीट ओली होते."

त्या महिन्यात मी रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात जायचे. बाई झारी घेऊन घागरीत पाणी ओतत उभ्या असायच्या. हात थरथरायचा, धार नाचायची, जमीन ओली व्हायची. जमीन वाळली की पुन्हा सुरुवात. मग एक दिवस त्यांनी कोपर बरगडीला दाबून धरलं, डाव्या मुठीनं उजवं मनगट आवळलं आणि झारीचं तोंड घागरीच्या काठाला टेकवलं. हात हलत होता, झारीही हलत होती, पण धार आतच जात होती. "हलू दे हाताले," त्या म्हणाल्या. "टेकू सुटला नाही म्हणजे झालं."

अक्षय तृतीयेचा दिवस उजाडला तो नागपूरच्या उन्हाला शोभेल असाच. सकाळीच डांबर मऊ पडलं होतं. पंपावर मांडव, आंब्याची तोरणं, बँड, गुरुजी, निम्मं सक्करदरा आणि भिवापूरहून ट्रक भरून आलेली शेठजींची माणसं. दादा रिक्षातून उतरले आणि मांडवाच्या पार टोकाला, पंपापासून जितकं लांब बसता येईल तितक्या लांबच्या खुर्चीवर बसले. गाडी पंपाशी लावून बाई उतरल्या आणि त्यांनी नाक पुढे केलं. पंपाच्या खाचेत उदबत्त्यांचा जुडगा खोचलेला, धूर निघून राहिलेला! शेजारी शेठाणीबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या, कापूर लावलेला.

"हे आधी विझवा," बाई म्हणाल्या.

शेठाणीबाईंचा चेहरा पांढरा पडला. "अवो बाई, सणावारी विझवा म्हणू नाही! शांत करा म्हणा."

"शांत करा. पण लवकर करा."

शांत झालं. तोवर शेठजी हात जोडून पुढे आले. भला माणूस, पण हौशी. "बाई, एकच विनंती आहे. नव्या घरात आपण दूध उतू घालतो न? तसं पहिल्या गाडीत पेट्रोल उतू गेलं पायजे. आज अक्षय तृतीया आहे. दोन ओंजळी सांडू द्या, धंदा भरभरून वाहीन. मी माह्या जीपमंदी त सकाळीच दुसऱ्या पंपावर काठोकाठ भरून ठेवलं शुभ म्हणून."

मी दादांकडे बघितलं. दादांनी ऐकलं होतं. काय न्याय म्हणावा हा! एकाला सांडायला पाहिजे होतं, दुसरा सांडायची वाट बघत होता, आणि मध्ये आमच्या बाई, थरथरता हात घेऊन.

"शेठजी," बाई म्हणाल्या, "तुमच्या तिन्ही पोरी माझ्याजवळ शिकल्या. कधी तुमचं वाईट केलं मी?"

"नाही, बाई."

"मग हात मागे, आणि दोन पावलं तुम्हीपण मागे."

बाईंनी पदर खोचला. मी नवं कोरं पांढरं फडकं धरलं. खरं सांगते, मी ते इतकं वर नेलं की नळीला लागलं, आणि बाईंनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. नळी आत गेली, गळ्याला टेकली, कोपर बरगडीला. खटका दाबला. मांडवातल्या बायका कुजबुजल्या, "हात पाहा वं, हात कसा हलून राहिला." धार मोठी झाली. आणि नेमक्या त्याच वेळी मुहूर्त गाठायला बँडवाल्यानं ढोल बडवायला सुरुवात केली. गुरुजींचाही आवाज चढला. त्या गोंगाटात टाकी काय बोलते, ब्रह्मदेवालाही ऐकू आलं नसतं!

बाईंनी खटका सोडला. मागे न वळता, डावा हात वर केला.

"चूप! टाकी बोलून राहिली!"

तो मुख्याध्यापिकेचा आवाज होता, पाचशे पोरींच्या रांगेवर चालणारा. मांडवातल्या पन्नासेक बायका, कोणी कडेवर पोर घेतलेली, कोणी नथ घातलेली, चटकन उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. शेठजींच्या तिन्ही मुली त्यांतच. त्यांचं बघून त्यांच्या सासवांनी ठेवलं. ढोलवाल्याची काठी हवेतच राहिली. गुरुजी अर्ध्या ओळीवर थांबले. उमरेड रोडवर इतकी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही.

बारीक धार. डोळे मिटलेले. आवाज वर गेला, आणखी बारीक झाला... खटका सुटला. थेंब आत पडू दिला. नळीचं तोंड आभाळाकडे झालं. झाकण लागलं. मी फडक्याकडे बघितलं. कोरं, चुन्यासारखं पांढरं! मी ओरडणारच होते, तेवढ्यात मागून दादांचा आवाज आला.

"सांडलं."

दादा खुर्ची सोडून पुढे आले होते. नाक वर, चेहरा राखेसारखा. "वास येऊन राहिला मले. सांडलं. किल्ली दे."

त्यांनी तळहात पुढे केला. मी फडकं दाखवलं. त्यांनी बघितलं, पण नाक काही ऐकेना. आणि खरं म्हणजे वास येत होता. मलाही येत होता. बाईंनी कमरेची किल्ली काढली, मुठीत धरली, आणि नाक पुढे केलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"दादा, तुह्या नाकाची चूक नाही," त्या म्हणाल्या. "पण हा वास माहा नाही."

आणि त्या चालायला लागल्या, मांडवाच्या कडेकडेनं, उन्हात उभ्या असलेल्या शेठजींच्या जीपकडे. सकाळी शुभ म्हणून काठोकाठ भरलेली ती जीप उन्हात तापली होती. झाकणाच्या फटीतून पेट्रोल पाझरत होतं, चाकाशी थारोळं साचलं होतं आणि उतारावरून एक ओघळ मांडवाकडे निघाला होता. ओघळाच्या टोकाशी, वाऱ्याला पाठ करून, शेठाणीबाई. झालं न आता भरून, म्हणून आरतीचा कापूर पुन्हा लावायला त्यांनी काडी आगपेटीवर टेकवलेली.

"काडी ओढू नका!"

त्या आवाजानं शेठाणीबाईंच्या हातून आगपेटीच खाली पडली. बाईंनी ती पायानं उडवली आणि पंपावर आगीसाठी ठेवलेल्या लाल बादलीतली वाळू दोन्ही हातांनी उपसून ओघळावर टाकायला लागल्या. हात थरथरत होते, वाळू चहूकडे उडत होती, आणि त्या वेळी ते फार चांगलं झालं, कारण वाळू सगळीकडे पाहिजे होती. मग मी धावले, शेठजी धावले. आणि मी पाहिलं, माझ्या शेजारी कोट काढून बसलेले दादा ओंजळीनं वाळू टाकत होते. पेट्रोलच्या ओघळाच्या काठावर, दादा! जीप ढकलून सावलीत नेली. सगळं कोरडं झालं, तेव्हा कुठे लोकांना कळलं काय टळलं ते.

शेठजी बाईंच्या पायाशी वाकले. "बाई, तुमची टाकी मात्र अपुरी राहिली. अपशकुन त नाही न?"

"अपुरी नाही, शेठजी. वाढीले जागा ठेवली. पोरीच्या झग्याले ठेवतो न आपण? तशी." मग शेठाणीबाईंकडे वळून म्हणाल्या, "अन् उतू घालायचंच असंल त दूध आणा. रस्त्याच्या पल्याड, त्या चहावाल्याच्या चुलीवर."

दूध आलं. रस्त्यापलीकडे पातेलं चढलं, आणि अर्ध्या सक्करदऱ्याच्या साक्षीनं उतू गेलं. इतकं उतू गेलं की चहावाल्याची चूल शांत झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बँडवाल्याला इतका वेळ गप्प बसवलेलं, त्यानं सगळा राग ढोलावर काढला.

त्या गोंधळात दादा गाडीपाशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या गाडीला त्यांनी हात लावला. वाळूनं भरलेला हात टपावर ठेवला. मग काखेत धरलेल्या कोटाच्या आतल्या खिशातून दुसरी किल्ली काढली आणि बाईंपुढे धरली.

"घे. मी हरलो."

बाईंनी किल्ली घेतली नाही. त्यांची मूठ दोन्ही हातांनी मिटवली.

"तुह्यापाशीच राहू दे, दादा. माही हरपली त मी कोणाले मागू?"

दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं आणि वाकून, धोतर सावरत, माझ्या जागेवर बसले. दोन्ही हातांनी समोरची पट्टी घट्ट पकडली.

"तलावापर्यंत चाल," ते म्हणाले. "हळू."

बाईंनी उशा सारख्या केल्या, किल्ली फिरवली. गाडी रस्त्याला लागली आणि मी कोरं फडकं हातात घेऊन पंपावरच उभी राहिले. समोर रस्ता मोकळा होता. ना गाय, ना रिक्षा, ना माणूस. आणि आमच्या मोठ्या बाईंनी हॉर्न वाजवला. तो तलावाच्या वळणापर्यंत वाजतच राहिला.